सर्वानुमते नामंजूर

वसमत रस्त्यावरच्या त्या घरातली खोली मला तीन विरुद्ध एक मतांनी मिळाली.

एका दैनिकाच्या परभणी कार्यालयात मी नुकताच रुजू झालो होतो. घरमालकांनी मला अंगणात खुर्ची दिली, पाणी दिले, गाव, शिक्षण आणि घरी परतण्याची वेळ विचारली आणि म्हणाले, "दहा मिनिटं बसा. मतदान घेऊन येतो." ते आत गेले. आतून भांड्याचा आवाज आला, कुणीतरी हसले, आणि थोड्या वेळाने ते हातात ताटली घेऊन बाहेर आले. ताटलीत चार चिंचोके होते. तीन अख्खे, एक फोडलेला.

"आलात तुम्ही," ते म्हणाले. "एक मत विरोधात आहे. ते कुणाचं, हे विचारायचं नाही."

मी ते आजवर विचारलेले नाही.

ते निवृत्त ग्रामसेवक होते. सगळे त्यांना काका म्हणत. साठी उलटलेली, अंग किडकिडीत, पांढरा शर्ट आणि बाह्यांची बटणे मनगटापर्यंत लावलेली. परभणीच्या मे महिन्यातही ती बटणे उघडलेली मी पाहिली नाहीत. खालच्या मजल्यावर ते आणि काकू राहत. वर तीन खोल्या होत्या. एकीत एसटीचे कंडक्टर, दुसरीत महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवणारे प्राध्यापक, तिसरीत मी. असे पाच मतदार झाले.

मतदानाची पद्धत ठरलेली होती. प्रत्येकाला दोन चिंचोके मिळत, एक अख्खा आणि एक फोडलेला. अख्खा म्हणजे होय, फोडलेला म्हणजे नाही. ओट्यावर एक तांब्या ठेवलेला असे, त्याच्या तोंडावर पंचा. पंच्याखाली हात घालून एक चिंचोका तांब्यात टाकायचा आणि दुसरा मुठीतच मिटून शेजारच्या पिशवीत सोडायचा. मोजणी सगळ्यांसमोर ताटलीत होई. हौद कधी धुवायचा, फाटक किती वाजता लावायचे, जिन्याला कोणता रंग द्यायचा, गॅलरीत कपडे कुणी कुठे वाळत घालायचे, हे सगळे या तांब्यातून ठरले. काका बहुतेक वेळा हरत.

हरण्याचे त्यांना काही वाटत नसे. त्यांची अडचण वेगळी होती. पाचही चिंचोके एकसारखे निघाले की ते ताटली पालथी करत आणि म्हणत, "सर्वानुमते. नामंजूर. पुन्हा."

पाण्याची मोटार जळाली तेव्हाची गोष्ट. नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येई, ते वरच्या टाकीत चढवायला मोटार हवीच होती. पहिल्या फेरीत पाच अख्खे निघाले. काकांनी फेरमतदान घेतले. पुन्हा पाच अख्खे. तिसऱ्या फेरीत एक फोडलेला निघाला आणि काकांनी समाधानाने ठराव मंजूर केला.

जिना चढताना कंडक्टर मला म्हणाले, "ड्युटीला उशीर व्हायलाय म्हणून म्या फुटका टाकला. न्हाई तर ह्यो माणूस डेपोची गाडी सुटेस्तोवर चिंचोके मोजत बसला असता."

अंगणात एक कडुलिंबाचे झाड होते. काका सकाळी त्याच्याखाली खुर्ची टाकून वर्तमानपत्र वाचत. झाडाची मुळे हौदात शिरली आणि भिंतीला तडा गेला. झाड काढायचे की हौद हलवायचा, यावर मतदान झाले. तीन विरुद्ध दोन मतांनी झाड काढायचे ठरले. काका कोणत्या बाजूला होते हे सांगायची गरज नव्हती. दुसऱ्या दिवशी त्यांनीच लाकूडतोड्या आणला, फांदीला बांधलेला दोर स्वतः धरला आणि झाड घराकडे पडू नये म्हणून शेवटपर्यंत ओढून ठेवला. त्यानंतरही त्यांची खुर्ची तिथेच राहिली. ते उन्हात बसून वर्तमानपत्र वाचू लागले.

काकू एकदा म्हणाल्या, "अहो, खुर्ची तरी आत घ्या."

"खुर्चीवर मतदान झालेलं नाही," काका म्हणाले.

वर्तमानपत्र वाचताना ते एकच प्रश्न विचारत. बातमी रस्त्याची असो, धरणाची असो, नव्या कराची असो वा एखाद्या कायद्याची, ते पानावर बोट ठेवून म्हणत, "हे कुणाला विचारून केलं?" देशाने प्रत्येक मोठ्या निर्णयावर लोकांचे थेट मत घ्यावे, अशी त्यांची मागणी होती. ही मागणी ते आमच्या दैनिकाच्या वाचकांच्या पत्रव्यवहारात करत. पत्र आखीव कागदावर असे. वर विषय, खाली सात-आठ ओळी, आणि तळाशी पट्टीने काढलेले दोन चौकोन, एकात 'होय', दुसऱ्यात 'नाही'. संपादकांनी दोन पत्रे छापली, चौकोन गाळून. काकांनी मला कात्रण दाखवले आणि म्हणाले, "प्रश्न छापला, उत्तराची जागा ठेवली नाही."

त्यांचे म्हणणे साधे होते. निवडून दिलेला माणूस म्हणजे मुखत्यार. "मी तुम्हाला मुखत्यारपत्र दिलं. माझं भाडं वसूल करा, पावत्या द्या, कोर्टात उभे राहा. पण घर विकायचं झालं तर मला विचाराल का नाही? का पाच वर्षं झाल्यावर सांगाल, की विकलं म्हणून?"

रविवारी ओट्यावर चहा होई. तेव्हा प्राध्यापक आणि ते यावर बोलत. कंडक्टर मध्ये मध्ये तोंड घालत.

"काका, तुमचं हे यष्टीत चालायचं न्हाई," कंडक्टर एकदा म्हणाले. "गाडी कुठं न्यायची, असं पब्लिकला इचारलं तर स्टँडातनं गाडी निघायची न्हाई. पालमवाला म्हणंल पालम, जिंतूरवाला म्हणंल जिंतूर. ड्रायव्हर बसंल तंबाखू मळत."

"बरोबर आहे," काका म्हणाले. "पण गाडी कुठं जायची हे पाटीवर लिहिलेलं असतं. लोक पाटी वाचून चढतात. मधेच पाटी बदलायची असली तर आतल्यांना विचारता का नाही तुम्ही?"

कंडक्टरांनी कप खाली ठेवला. "मधी पाटी बदलली तर पब्लिक माझी कॉलर धरतंय, काका. इचारायची येळच येत न्हाई."

"तेच म्हणतो मी. तुमची कॉलर हाताला लागते. दिल्लीतल्यांची लागत नाही."

प्राध्यापकांचे आक्षेप अधिक अवघड होते. ते म्हणाले, "प्रश्न कोण लिहिणार? शेतमालाला चांगला भाव मिळावा का, असं विचारलं तर कोण नाही म्हणेल? उत्तर प्रश्नातच पेरता येतं, काका."

तीन दिवसांनी काका वर आले आणि त्यांनी प्राध्यापकांच्या हातात एक कागद दिला. त्यावर एकच वाक्य होते. ज्याला ठराव नको असेल, प्रश्न त्याने लिहावा.

प्राध्यापकांनी कागद दोनदा वाचला. "हे कुठल्या पुस्तकात आहे?"

"नाही. काल रात्री सुचलं."

दुसरा आक्षेप वेगळा होता. प्राध्यापक म्हणाले होते, "समजा, आपल्या गल्लीत एकच घर वेगळं आहे. जातीनं म्हणा, धर्मानं म्हणा. गल्लीनं मतदान घेतलं, की हे घर इथं नको. नव्वद विरुद्ध पाच. मग? हरलेल्यांचं काय करायचं?"

"हरलेले हरले," काका म्हणाले. मग स्वतःच म्हणाले, "नाही, तसं नाही." मग ते उठून आत गेले. त्यांच्याकडे एक जुनी नोंदवही होती. तिच्यात त्यांनी हा प्रश्न लिहिला आणि खाली अर्धे पान मोकळे सोडले. मी ती वही नंतर दोनदा पाहिली. पान तसेच होते.

त्यांना हे वेड कशामुळे लागले, ते त्यांनी मला एकदाच सांगितले. जिल्हा परिषदेतली एक बातमी संपवून मी दुपारी घरी आलो होतो. बातमी ग्रामसभांची होती. काकांनी ती माझ्याकडून तोंडी ऐकली आणि विचारले, "ग्रामसभा कशी होते, माहीत आहे का?"

मी म्हणालो, तारीख जाहीर होते, दवंडी देतात, लोक जमतात.

"लोक जमत नाहीत. रजिस्टर हिंडतं," ते म्हणाले. "मी घरी बसून इतिवृत्त लिहायचो. विषय एक, विषय दोन, सर्वानुमते मंजूर. मग शिपाई रजिस्टर काखेत मारून, शाईचा पॅड घेऊन दारोदार जायचा. शेतात कोण, बाजाराला कोण. घरात जी म्हातारी असेल तिचा अंगठा घ्यायचा. तिच्या सुनांचाही तिचाच. एका अंगठ्यात पाच बाया. गणपूर्ती झाली. कुणी विचारायचं नाही की कशाला, आणि आम्ही सांगायचो नाही. माझ्या अख्ख्या नोकरीत एक ठराव नामंजूर झालेला नाही."

मग त्यांनी तो एक ठराव सांगितला. पेडगावच्या पुढच्या एका गावात ते नोकरीला होते. तिथे राहताना त्यांनी घर पाहिले, माणसे पाहिली आणि धाकटी बहीण कौसाबाई तिथेच दिली. त्याच गावात देशी दारूच्या दुकानाला ग्रामपंचायतीची हरकत नाही, असा ठराव त्यांच्या हातून गेला. सर्वानुमते. रजिस्टरवरच्या अंगठ्यांत कौसाबाईच्या नावापुढेही एक अंगठा होता. तो तिच्या सासूचा होता.

"ठराव मी लिहिला," ते म्हणाले. "सही माझी आहे. गावाला दुकान उघडल्यावर कळलं."

कौसाबाई महिन्या-दोन महिन्यांनी परभणीला येत. दवाखाना, बाजार, नाही तर भावाकडे नुसत्याच. ठेंगण्या, आवाज खणखणीत, जिना चढून आल्या की आधी वरच्या बिऱ्हाडांची चौकशी. त्यांचा एकुलता एक मुलगा भागवत तिशीचा होता. तो ट्रॅक्टर चालवी आणि पीत असे. त्याची बायको माहेरी जाऊन बसली होती.

एका श्रावणात त्या आल्या त्या सरळ ओट्यावर बसल्या आणि त्यांनी पिशवीतून कागदांचा गठ्ठा काढला. गावातल्या बायकांनी दुकान बंद करण्यासाठी अर्ज केला होता. कायद्यात तशी सोय आहे. गावातल्या महिला मतदारांपैकी चौथा हिस्सा बायकांनी सह्या करून मागणी केली की सरकार मतदान घेते. मत फक्त बायकांनी द्यायचे. मतपत्रिकेवर दोन चित्रे असतात. उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी बाटली म्हणजे बंद. पण नुसत्या जास्त मतांनी भागत नाही. गावच्या यादीत जितक्या बायका आहेत त्यांच्या निम्म्याहून जास्त मते आडव्या बाटलीला पडावी लागतात.

काकांच्या डोळ्यांत त्या दिवशी जे दिसले ते मी पुन्हा पाहिले नाही. सगळ्या देशासाठी ते जे मागत होते ते त्यांच्या बहिणीच्या पदरात कायद्याने आधीच टाकलेले होते. त्यांनी चष्मा पुसला, कागद ओट्यावर पसरले आणि ते एकेक पान वाचू लागले. तिसऱ्या पानावर ते थांबले. आतून भिंग आणले.

"कौसे, हे अंगठे कुणाचे आहेत?"

"बायांचे. नावं हायेत की पुढं."

"नावं आठ आहेत. अंगठा एक आहे."

कौसाबाई जराही दचकल्या नाहीत. "मग काय? एका घरच्या हायेत. सासूनं दिला सगळ्यांचा. सुना खुरपायला गेल्त्या. असंच करत्यात, तुला म्हाईत न्हाई का?"

"मला माहीत आहे," काका म्हणाले. "म्हणूनच चालणार नाही. खोट्या अंगठ्यानं उघडलेलं दुकान खोट्या अंगठ्यानं बंद करायचं नाही."

"दादा," कौसाबाई म्हणाल्या, "आंगठे खोटे असतील. बाया खऱ्या हायेत."

काकांनी कागदांची घडी करून त्यांच्या हातात परत दिली.

अर्ज नव्याने करायचा ठरला. यावर मतदान झाले नाही, हे मी इथे नोंदवतो. काका दर दोन दिवसांनी स्कूटरवरून गावी जाऊ लागले. शाळेच्या व्हरांड्यात टेबल टाकून बसत. प्रत्येक बाईने स्वतः यायचे, अर्ज ऐकायचा, प्रश्न असेल तर विचारायचा आणि मगच सही किंवा अंगठा. सकाळी बायका शेतात, दुपारी स्वयंपाकात, संध्याकाळी पाण्यावर. कुणाला नवरा सोडेना, कुणी दुकानदाराच्या नात्यातली. श्रावण गेला, भाद्रपद गेला. दसऱ्याच्या सुमाराला अर्ज पूर्ण झाला. त्यात एकही अंगठा दुसरीचा नव्हता. काकांनी तो तहसीलला नेऊन दिला आणि पोच घेतली.

त्यानंतरच्या पंधरा दिवसांत गावातून ऊसतोडीच्या टोळ्या निघाल्या. हे दर वर्षी होते आणि काकांना ते माहीत होते. त्यांनी हिशेब धरला होता की सह्यांची पडताळणी लगेच होईल. ती झाली दोन महिन्यांनी. मतदान लागले पौषात. तेव्हा गावातली तिसरा हिस्सा घरे कुलूपबंद होती आणि त्या घरांतल्या बायका चारशे किलोमीटरवर उसाच्या फडात मोळ्या बांधत होत्या. कंडक्टरांनी ओळखीतून तीन मुकादमांना फोन लावून पाहिले. एका दिवसासाठी कुणी कोयते, म्हणजे तोडणीची जोडपी, सोडायला तयार नव्हते.

निकाल असा लागला. आडव्या बाटलीला उभीच्या सहापट मते पडली. यादीच्या निम्म्याला मात्र एकोणीस मते कमी पडली. जी आली नाही, तिचे मत उभ्या बाटलीच्या खात्यात गेल्यासारखेच झाले. दुकान चालू राहिले. पुन्हा अर्ज करायला एक वर्ष थांबायचे होते.

मतदानासाठी दुकान एक दिवस बंद होते. त्या दिवशी भागवत मोटारसायकल घेऊन जिंतूर रस्त्यावरच्या दुसऱ्या गावी प्यायला गेला आणि येताना पुलाच्या कठड्यावरून खाली गेला. मांडीचे हाड दोन ठिकाणी मोडले. मतमोजणी चालू असताना कौसाबाई जिल्हा रुग्णालयात होत्या. निकाल काकांनीच त्यांना जाऊन सांगितला. मीही तिथे होतो. त्यांनी तो ऐकून घेतला. म्हणाल्या, "एकोणीस?" मग म्हणाल्या, "माझ्या पहिल्या कागदावर चाळीस जादा व्हत्या. तवा टोळ्या बी गावातच व्हत्या." त्यानंतर त्या भागवतच्या पांघरुणाकडे वळल्या.

वर्षभर काका मतदार यादीवर बसले. गावात मेलेल्या, लग्न होऊन गेलेल्या, दोन ठिकाणी नाव असलेल्या बायका त्यांनी शोधून काढल्या आणि नावे कमी करण्यासाठी अर्ज दिले. "मेलेल्या बायका सगळ्या उभ्या बाटलीला मत देतात," असे ते म्हणत. घरातली मतदाने या काळात कमी झाली. काकूंनी जिन्याला रंग परस्पर लावून घेतला. काकांच्या ते दोन दिवसांनी लक्षात आले.

वर्ष सरल्यावर नवा अर्ज गेला आणि दुसरे मतदान वैशाखात झाले. टोळ्या परतल्या होत्या. मी बातमीसाठी गेलो. शाळेबाहेर सकाळी सातपासून रांग होती. ज्यांच्या पाठीवर वळ होते त्या आल्या होत्या, ज्यांच्या घरची मजुरी थेट दुकानात जाई त्या आल्या होत्या, आणि एक आजी बाजेवरून आली होती. काका नियमाप्रमाणे शाळेपासून लांब, रस्त्यापलीकडच्या बाभळीखाली बसले होते. त्यांच्याजवळ यादीची प्रत होती. ते कुणाशी बोलत नव्हते; मी बुंध्याच्या पलीकडे टेकून टिपणे लिहीत होतो.

कौसाबाई अकराच्या सुमाराला मत देऊन बाहेर आल्या. बोटाची शाई पदराला लागू नये म्हणून हात लांब धरून त्या बाभळीकडे आल्या आणि भावाशेजारी टेकल्या.

"झालं?" काका म्हणाले.

"झालं." मग त्या म्हणाल्या, "दादा, म्या उभीवर शिक्का मारला."

काका यादीकडे पाहत राहिले. "कौसे, ते सांगायचं नसतं."

"तुला न्हाई सांगायचं तर कुणाला?" कौसाबाईंचा आवाज नेहमीसारखाच होता, फक्त हळू. "दुकान गावात असलं की त्यो हितंच पडतुया. वट्ट्यावर, पारावर, नालीत बी. म्या जाती, उचलून आणती. बंद झालं की त्यो गाडी काढतुया. मागल्या टायमाला एक दिस बंद व्हतं, मांडी गेली. आता कायमचं बंद झालं तर काय जाईल, सांग की."

"पहिल्या वेळेला तूच कागद घेऊन आली होतीस."

"आलते. तवाबी त्याच्यासाठीच आलते. आता बी त्याच्यासाठीच." त्या उठल्या. "ह्या बायांचं खरं हाय, दादा. त्यांचं बंदच व्हावं. पर मला इचारलं, म्या माझं सांगितलं."

त्या घराकडे गेल्या. काका यादी पुन्हा वाचू लागले.

मोजणी दुपारी झाली. या वेळी निम्म्याहून सात मते जास्त पडली. अधिकाऱ्याने आकडा वाचला तेव्हा शाळेच्या पटांगणात एकदम हलगी वाजू लागली. बायकांनी गुलाल उधळला. कुणीतरी काकांच्या गळ्यात हार घातला. त्यांनी तो काढून शेजारच्या बाजेवरच्या आजीला दिला आणि शर्टाच्या बाहीवर पडलेला गुलाल झटकला. मी त्यांना बातमीसाठी प्रतिक्रिया विचारली. ते म्हणाले, "आकडे छापा. आकडे बरोबर छापा." माझी बातमी चारशे शब्दांची झाली. दोन्ही निकाल, मधले वर्ष, बायकांची नावे, दुकानाला लागलेले सील. सील लावतानाचा फोटो आतल्या पानावर वापरला.

त्यानंतर काका वसमत रस्त्यावरच्या घरी आठ दिवस आले नाहीत. पंधरा दिवस आले नाहीत. मी काकूंना विचारले.

"गावाला आहेत, बहिणीकडे," काकू म्हणाल्या. त्या तांदूळ निवडत होत्या. "तुमच्या पेपरात येण्यासारखं काही नाही. रोज पाच वाजता भाच्याला स्कूटरवर मागे बसवतात, पलीकडच्या गावच्या दुकानावर नेतात, सात वाजता घरी आणून सोडतात."

मला वाटले मी नीट ऐकले नाही.

"दारूच्या दुकानावर," काकू म्हणाल्या. "स्वतः आत नाही जात. बाहेर बसतात. पहिले दोन दिवस भागवत काही त्यांच्या मागे बसला नाही. तिसऱ्या दिवशी त्याच्या गाडीत पेट्रोल नव्हतं, बसला. आता बसतो. बायका हसायल्यात म्हणे. दारूबंदीवाले दारूच्या दारात. एकीनं तोंडावर विचारलं, काका हे काय हो? तर म्हणाले, तुमचा निकाल मान्यच आहे."

"आणि भागवतची पिण्याची सवय?"

"ती काय मतदानानं जाणार आहे का?" काकूंनी सूप झटकले. "दवाखान्यात न्यायचं म्हणायलेत. तो तयार झाला तर. तोवर हे आहेच."

महिन्याभराने जिंतूरकडची एक बातमी आटोपून मी परत येत होतो. पाऊस लांबला होता, पेरण्या खोळंबल्या होत्या. त्या दुसऱ्या गावाच्या फाट्यावर, दुकानासमोरच्या पत्र्याच्या सावलीत काका स्कूटरवर बसलेले दिसले. मी गाडी थांबवली. बाह्यांची बटणे लावलेली होती. एक हेल्मेट त्यांच्या डोक्यात होते, दुसरे मांडीवर. आत-बाहेर करणारी माणसे त्यांना वळसा घालून जात होती. एकाने रामराम केला. काकांनी मान हलवली.

मी शेजारी उभा राहिलो. विचारले, "असं किती दिवस चालायचं, काका?"

"ह्याची तारीख जाहीर झालेली नाही," ते म्हणाले. मग म्हणाले, "बातमी वाचली तुमची. आकडे बरोबर होते."

भागवत भिंतीचा आधार घेत बाहेर आला. मांडीत लोखंडी पट्टी घातलेली असल्याने तो एका बाजूला झुकून चाले. काका स्कूटरवरून उतरले. मांडीवरचे हेल्मेट त्यांनी त्याच्या डोक्यात घातले, हनुवटीखाली पट्टा लावला, पट्टा फार आवळला तर नाही ना, हे एक बोट आत घालून पाहिले. मग ते पुढे बसले, भागवतचा हात ओढून त्यांनी आपल्या कमरेला गुंडाळला आणि स्कूटर रस्त्याच्या कडेकडेने, अगदी सावकाश, गावाकडे निघाली.